पसरणी घाट पहिल्यांदा चढताना

नवी गिअरची सायकल घेतलेला पुण्या-साताऱ्याकडचा माणूस दोन-तीन महिने झाले की एकदा तरी विचारतोच, ‘पसरणी झेपेल का हो मला?’ पसरणी म्हणजे वाईहून पाचगणीला चढणारा घाट. सपाटीवर एका दमात चाळीस किलोमीटर होत असतील आणि सायकलला नीट गिअर असतील, तर झेपतो. वय पंचेचाळीस असलं आणि थोडं पोट सुटलेलं असलं तरी झेपतो. ज्यांना झेपत नाही, त्यांचं गणित बहुतेकदा पहिल्या दोन किलोमीटरमध्येच बिघडलेलं असतं. माझंही तसंच बिघडलं होतं, ते पुढे येईलच.

घाट आहे तरी केवढा

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर आहे आणि पाचगणी १,२९० मीटरच्या आसपास. म्हणजे आपल्याला सुमारे ५७० मीटर वर जायचं आहे. वाईतून पाचगणीच्या बाजारापर्यंत बारा-तेरा किलोमीटर भरतात. त्यातले पहिले तीनेक, पसरणी गावापर्यंतचे, जेमतेम चढाचे. खरा घाट गाव सोडल्यावर सुरू होतो आणि दांडेघरच्या नाक्यापर्यंत संपत नाही. तो साधारण दहा किलोमीटर धरा. सरासरी चढ पाच-साडेपाच टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की पाच-साडेपाच मीटर वर.

या घाटाचा चांगुलपणा असा की चढ बराचसा एकसारखा आहे. सिंहगडाच्या रस्त्यासारखा तो मध्येच अंगावर येत नाही. ज्यांनी सिंहगड आधी केला आहे त्यांना पसरणी सोपा वाटतो, पण त्या लोकांचं ऐकून नवख्यांनी हुरळून जाऊ नये. सोपा असला तरी लांब आहे, आणि लांबीची सवय वेगळी करावी लागते.

आणखी एक. रस्ता वाहता आहे. वाई-पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी एसटी, पर्यटकांच्या गाड्या, भाजीचे आणि स्ट्रॉबेरीचे टेम्पो सगळे याच रस्त्याने येतात-जातात.

आधी गिअर मोजा

सराव, आहार, कपडे हे सगळं नंतर. आधी सायकल उलटी करा आणि दाते मोजा. पुढच्या सगळ्यात लहान प्लेटचे किती आणि मागच्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचातल्या, सगळ्यात मोठ्या चकतीचे किती, एवढंच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे मोजलं नव्हतं. मित्राची जुनी रेसिंग सायकल आणली होती. दिसायला देखणी, वजनाला हलकी. पुढे लहान प्लेट ३९ दात्यांची, मागे मोठी चकती २५ ची. म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक दीडपटीहून जास्त फिरणार आणि सायकल सव्वातीन मीटर पुढे जाणार. चढावर माझा वेग ताशी आठ किलोमीटर. भागाकार केला तर मिनिटाला पेडलच्या चाळीसच फेऱ्या. प्रत्येक फेरीला पायरी चढल्यासारखा जोर. घाटातल्या दत्त मंदिराच्या अलीकडेच गुडघ्याची वाटी बोलायला लागली, आणि पुढे तीन आठवडे जिना उतरताना कठडा धरावा लागला. सायकल चांगलीच होती. ती माझ्या पायांसाठी नव्हती.

नवख्यासाठी पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४ दाते असावेत. ३४ ला ३२ लावलं तर एका फेरीत सायकल सव्वादोन मीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या की ताशी आठ किलोमीटर होतात आणि दहा किलोमीटरचा घाट सव्वा तासात संपतो. सत्तर फेऱ्या जमल्या तर वेग साडेनऊच्या जवळ जातो. पाय गोल गोल फिरत राहतात, गुडघा कुरकुरत नाही.

हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर आनंदच आहे. तिला पुढे तीन प्लेट असतील तर सगळ्यात लहान बहुतेकदा २२ किंवा २८ ची असते. वजन दोन-चार किलो जास्त असतं, पण ते ओझं तुम्हाला वाटतं तेवढं नडत नाही. माझ्या ओळखीतली एक शाळेतली शिक्षिका तेरा किलोच्या हायब्रिडवर हा घाट एकदाही पाय न टेकता चढली, आणि त्याच दिवशी आठ किलोच्या कार्बन सायकलवाले दोघं रस्त्याकडेला बसलेले होते.

रोड बाइकची मागची कॅसेट छोटी असेल तर दुकानातून ११-३२ किंवा ११-३४ ची (लहान चकती ११ दात्यांची, मोठी ३२ किंवा ३४ ची) बसवून घ्या. मात्र मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढ्या मोठ्या चकतीला चालतो का, हे मेकॅनिकला आधी विचारा. काहींना लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो आणि साखळीही दोन-चार कड्या वाढवावी लागते. बसवल्यावर घरासमोर सगळ्यात हलक्या गिअरवर दहा वेळा टाकून बघा. साखळी चकती ओलांडून स्पोकमध्ये पडत असेल तर ते घरीच कळलेलं बरं.

सीटची उंची हाही याच वेळचा विषय. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चवडा ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. आपल्याकडे निम्म्या सायकलींच्या सीट खाली असतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं आहे.

किती ताकद लागते

थोडं गणित, कारण त्याने भीती जाते. तुम्ही ७० किलोचे, आणि सायकल, पाणी, हत्यारं मिळून १२ किलो. हे ८२ किलो ५७० मीटर उचलायचे तर साधारण साडेचारशे किलोज्यूल काम करावं लागतं. सव्वा तासात करायचं असेल तर टायरचं घर्षण आणि थोडी हवा धरून पायांनी सतत १२० वॉट द्यायचे. एका तासात करायचं म्हटलं तर दीडशेच्या जवळ. सुदृढ पण नवशिक्या माणसाला १२० वॉट तास-सव्वा तास जमतात. दीडशेला मात्र बऱ्याच जणांची धाप वरच्या पट्टीत जाते.

पंधरा मिनिटांचाच काय तो फरक. पहिल्या खेपेला तो खुशाल सोडून द्या. घड्याळ लावायचंच असेल तर दुसऱ्या वेळी लावा.

शरीर जळण म्हणून खर्च करतं त्याच्या चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. त्यामुळे घाटाला पाचशेच्या आसपास किलोकॅलरी लागतात. भरपेट न्याहारीला हे चांगलं निमित्त वाटेल. त्याबद्दल पुढे बोलू.

सहा आठवड्यांची तयारी

आठवड्यातून तीन दिवस पुरे. दोन दिवस सकाळी तासभर, आणि रविवारी लांब. पहिले दोन आठवडे फक्त सपाटी. एकच सवय लावा, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या. त्यासाठी यंत्र नको. उजवा पाय पंधरा सेकंदांत अठरा-वीस वेळा खाली आला की झालं.

तिसऱ्या आठवड्यापासून छोटे घाट. पुणेकरांना कात्रजचा जुना घाट आहे, बापदेव आहे, पालखीचा दिवे घाट आहे. एकदा चढून गप्पा मारत बसू नका. चढा, सावकाश उतरा, पुन्हा चढा. बापदेव लागोपाठ दोनदा झाला की पसरणीची जवळपास निम्मी लांबी पायांना माहीत झाली. साताऱ्याच्या लोकांना यवतेश्वरचा चढ घरचाच आहे. मुंबईकरांनी उड्डाणपुलांवर फेऱ्या मारून सराव केल्याचं मी पाहिलंय. कंटाळवाणं असतं, पण उपयोग होतो.

पाचव्या आठवड्यात एकदा तरी सलग पंचेचाळीस मिनिटं चढावर राहा. जमलं तर सहावा आठवडा हलका ठेवून निघा. रक्तदाब, साखर, हृदय यांपैकी कशाची गोळी चालू असेल तर हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कधी जायचं

ऑक्टोबर मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात हा घाट फार सुंदर असतो आणि म्हणूनच नवख्यांनी तेव्हा जाऊ नये. दरडी येतात, रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, आणि वरच्या टप्प्यात धुकं असं उतरतं की वीस फुटांवरची एसटी आधी ऐकू येते आणि मग दिसते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या बराच कमी, तरी घाट ओला करायला भरपूर. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर कातळ तापतो आणि वारा लागत नाही.

वार शक्यतो मधला धरा. शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईच्या गाड्या वर जातात, रविवारी दुपारनंतर त्याच खाली येतात. रविवारीच जमत असेल तर उजाडताच घाटाला लागा आणि दहाच्या आत खाली या. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा पूर्ण वगळा. पौष पौर्णिमेच्या आगेमागे मांढरदेवला काळूबाईची यात्रा असते, तेव्हा वाईतून गाडी काढणंही कठीण. रंगपंचमीला शेजारी बावधनचं बगाड. ते बघायला मुद्दाम जा, सायकल घरी ठेवून.

डिसेंबरच्या पहाटेची एक गंमत सांगतो. पाचगणी थंड म्हणून लोक वरच्यासाठी जाकीट घेतात आणि वाईत कुडकुडतात. रात्रभर डोंगरावरची गार हवा उतरून कृष्णेच्या खोऱ्यात साचते. दोन-तीन किलोमीटर चढलात की अंगाला ऊब लागते, आणि ती फक्त व्यायामाची नसते. म्हणून खाली पातळ विंडचीटर घाला, घाटाच्या सुरुवातीला काढून पाठीच्या खिशात कोंबा, आणि उतरताना पुन्हा घाला.

आदल्या रात्री आणि पहाटे

पहिल्या खेपेला पुण्याहून सायकलवर जाऊ नका. पुण्याहून पाचगणी शंभर किलोमीटर आहे, वाटेत खंबाटकी घाट आहे आणि महामार्गावरचे ट्रेलर आहेत. जाऊन-येऊन दोनशे होतात. तेवढं अंतर साडेतेरा तासांत कापायची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल मोहीम, असते, ती पुढच्या वर्षी करा. आता सायकल गाडीत घाला. पुढचं चाक काढा, साखळीची बाजू वर येईल अशी आडवी ठेवा, नाहीतर डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकतो आणि वाईत उतरल्यावर गिअर पडेनासे होतात. सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की वडाच्या झाडांच्या रस्त्याने वाई. आदल्या रात्री वाईत मुक्काम केलात तर सगळ्यात उत्तम. संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर बसून या. हे देऊळ १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलं, आणि मूर्ती खरंच नावाला साजेशी आहे.

रात्री नेहमीचं जेवा. भात घ्या, तिखट-तेलकट टाळा.

सकाळच्या खाण्यात माझ्यासकट पुष्कळ जणांनी मार खाल्ला आहे. दुसऱ्या वेळी गिअर बरोबर होते, सराव होता, आणि मी निघण्याआधी अर्धा तास मिसळ खाल्ली. वर दही. घाटाच्या चौथ्या किलोमीटरला पोटातली तर्री आणि मी, दोघंही एकदमच वर चढत होतो. तेव्हा निघण्याआधी दीड तास पोहे किंवा उपमा, आणि घाटाला लागताना एक केळं. मिसळ खाली आल्यावर. वाईत ती कुठे पळून जात नाही.

बरोबर काय घ्यावं: पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत लिंबू-मीठ-साखर. दोन चिक्क्या किंवा चार खजूर. एक ट्यूब, पंक्चर किट, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, ॲलन कीचा संच. मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवायचा, कारण वळणावरच्या सावलीत सायकलवाला दिसत नाही. हेल्मेटबद्दल चर्चा नको. टायरमध्ये हवा २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरला पंच्याहत्तर-ऐंशी पीएसआय पुरे. दगडासारखा टाईट भरलेला टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि उतारावर पकड सोडतो.

वाई ते पसरणी गाव

हे तीन किलोमीटर म्हणजे सापळा आहे. रस्ता जवळजवळ सपाट, हवा गार, पाय ताजे, समोर डोंगर दिसतोय, आणि बरोबरच्या दोघांनी वेग वाढवलेला. तुम्हीही वाढवता. गावात पोचता तेव्हा धाप लागलेली असते आणि घाट सुरूही झालेला नसतो.

इथे सराव म्हणून चालवा. हलक्या गिअरवर, गप्पा मारत. बोलताना पूर्ण वाक्य एका श्वासात होत नसेल तर वेग जास्त आहे. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. गावात दोन मिनिटं थांबा, लघवीला जाऊन या, विंडचीटर काढा, ब्रेक दाबून बघा. आणि घाटाचा पहिला चढ दिसण्याआधीच हलका गिअर टाका. चढावर जोर लावत असताना गिअर बदलला की साखळी कडकडते, कधी निसटते, आणि चालू चढावर पुन्हा सुरुवात करणं नवख्याला फार अवघड जातं.

घाटात

पहिले दोन किलोमीटर स्वतःचीच लाज वाटेल इतकं सावकाश चालवा. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे धरून ठेवा. सोबतचे पुढे जाऊ द्यात. सगळ्यात हलका गिअर पहिल्याच किलोमीटरला संपला म्हणून घाबरू नका, तो वापरण्यासाठीच दिलेला आहे. पहिल्या दहा मिनिटांत हृदयाचे ठोके अजून वर चढत असतात. तेव्हा जे सोपं वाटतं ते सोपं नसतं, त्याचं बिल यायचं बाकी असतं.

बसून चालवा. हात हँडलच्या वरच्या भागावर, कोपर सैल, खांदे कानांपासून लांब. दर पाचेक मिनिटांनी पंधरा-वीस पेडल उभं राहून मारा, पाठ आणि बैठक मोकळी होते. उभं राहण्याआधी गिअर एक पायरी जड करा, नाहीतर पाय एकदम खाली जातो आणि सायकल मागे खेचल्यासारखी होते. मागून कुणी चिकटून येत असेल तर त्याच्या पुढच्या चाकाला आपलं मागचं चाक याच क्षणी लागतं.

आता वळणं. आपण डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे चढताना डावीकडे वळणारं वळण आपल्याला आतून पडतं. आतली बाजू छोटी आणि उभी. रस्त्याची सरासरी साडेपाच टक्के असली तरी त्या दहा-पंधरा मीटरला चढ दुपटीसारखा वाटतो. मागे वाहन नाही हे बघून मीटरभर बाहेर सरका आणि वळण थोडं मोठं घ्या. उजवीकडचं वळण आपल्याला बाहेरून पडतं, तिथे चढ मवाळ होतो. तिथे पाय ढिले सोडा, पाणी प्या. हे हिशेब एकदा कळले की घाट एकसलग राहत नाही, विसावे दिसायला लागतात.

एसटी मागून आली तर घाबरून कडेला उतरू नका. रस्त्याची कड बऱ्याच ठिकाणी तुटलेली असते आणि उतरलेलं चाक परत वर घेताना माणूस पडतो. डांबराच्या आत फूटभर जागा ठेवून सरळ रेषेत चालत राहा. एसटीचे ड्रायव्हर घाटातले मुरलेले असतात, ते जागा बघून काढतात. सांभाळायचं ते सुट्टीला आलेल्यांना, ज्यांच्या एका हातात फोन असतो आणि लक्ष दरीकडे. दोघं-तिघं असाल तर एकामागे एकच चाला.

दत्त मंदिर, बुवासाहेबांचं मंदिर या घाटातल्या खुणा. किलोमीटरच्या दगडांपेक्षा अशा खुणांवर मन बांधा. डाव्या-उजव्या बाजूला वळणागणिक खाली वाई उलगडत जाते, कृष्णेचं खोरं, धोमच्या धरणाचं पाणी. फोटो काढायला थांबायचं असेल तर रुंद जागा बघून, रस्त्याच्या पूर्ण बाहेर.

थांबण्यात काही कमीपणा नाही, पण थांबण्याची पद्धत आहे. धाप लागल्यावर थांबू नका, लागण्याआधी थांबा. दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. पाय गार पडले की पोटरीत गोळा येतो. आलाच, तर उतरून टाच जमिनीला टेकवून पुढे झुका, चोळत बसू नका. निघताना सायकल रस्त्याला थोडी तिरकी धरा, म्हणजे चढ कमी होतो, एक पाय पेडलवर वरच्या स्थितीत, मागे बघा, आणि निघा.

आणि ढकलायची वेळ आली तर ढकला. पहिल्या वेळी त्या ३९-२५ वर मी एका वळणावर सायकलवर वाकून उभा होतो, जोर लावत, जागच्या जागी. कठड्याशी शेळ्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “आरं भाऊ, ढकल की खाली उतरून. कोण बघतंय हितं?” मी म्हटलं, “तुम्ही बघताय की मावशी.” त्या म्हणाल्या, “मग मी तिकडं त्वांड करती.” आणि खरंच शेळ्यांकडे वळून बसल्या. मी उतरलो.

माकडांबद्दल एवढंच की खाताना थांबू नका आणि चिक्कीचा कागद वाजवू नका. सातव्या-आठव्या किलोमीटरला कंटाळा येतो. पाय दुखण्यापेक्षा तो वाईट. इथे मी मोठ्याने पाढे म्हणतो. सतराचा नीट येत नाही, त्यामुळे वेळ जातो.

पाचगणी जवळ आली की रस्त्याकडेची माती तांबडी व्हायला लागते. खाली काळा कातळ आणि वर जांभ्याची टोपी, हीच पाचगणीच्या पठाराची रचना. ती लाली दिसली की फार उरलेलं नसतं. हॅरिसन फॉलीच्या बाजूने वारा अंगावर येतो, दांडेघरच्या नाक्याला गाड्यांची रांग लागलेली असते, तिच्या डावीकडून हळू पुढे सरका. अचानक उघडणाऱ्या दारांकडे लक्ष ठेवा.

वर

बाजारात चहा घ्या, घामाचा शर्ट वाऱ्यात वाळू देऊ नका. मोसम असेल तर स्ट्रॉबेरी. अर्ध्या तासाहून जास्त बसू नका, कारण गाड्यांची गर्दी तुमच्यासाठी थांबत नाही. महाबळेश्वर पुढे अठरा-वीस किलोमीटरच आहे, असं कुणीतरी नक्की म्हणेल. पहिल्या दिवशी त्याला हसून नाही म्हणा. अजून खाली उतरायचं आहे, आणि उतरायला शिल्लक हात लागतात.

उतार

चढताना नवखा फार तर दमतो. लागतं ते उतरताना.

वर चढवलेले ते साडेचारशे किलोज्यूल आता परत फेडायचे आहेत. थोडे हवा घेते, बाकीचे ब्रेकच्या रबरात आणि चाकाच्या रिममध्ये उष्णता होऊन जातात. ब्रेक सतत अर्धवट दाबून उतरलात तर रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. म्हणून ब्रेक सोडा आणि दाबा. सरळ रस्त्यावर थोडा वेग येऊ द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून तो उतरवा, वळणात ब्रेक जवळपास सोडलेले असावेत. निम्म्यावर एकदा थांबून रिमपाशी हात न्या. धग लागत असेल तर पाच मिनिटं बसा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला बोट लावू नका, चटका बसतो.

हात हँडलच्या खालच्या वळणावर घेतले की ब्रेकवर जोर जास्त येतो आणि वजन खाली राहतं. हायब्रिडवाल्यांनी बैठक किंचित मागे सरकवावी. वळणात बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर भार, आतला वर. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, वळण जिथे संपतं तिथे ठेवा. सायकल नजरेमागून जाते.

ताशी पंचवीसने येत असाल तर दचकून ब्रेक दाबून थांबायला बारा-पंधरा मीटर लागतात. चाळीसने येत असाल तर तीस मीटरच्या जवळ. घाटातल्या बऱ्याच वळणांवर तीस मीटर पुढचं दिसतच नाही. पहिल्या खेपेला तिशीच्या आत राहा.

एक जागा विशेष सांभाळायची. उतरताना उजवीकडचं वळण आलं की समोरून चढणाऱ्या एसटीला तेच वळण डावं आणि आतलं असतं. लांब गाडी आतून वळत नाही, ती आपल्या बाजूला झोल घेते. तुम्ही नेमके बाहेरच्या बाजूला, कठड्याकडे ढकलले जात असता. म्हणून उजव्या वळणात शिरण्याआधी वेग आणखी कमी करा आणि डावीकडेच राहा, पण अगदी कडेच्या खडीवर नाही. हॉर्न ऐकला तर ब्रेक आधीच हातात घ्या.

पुढच्या कारला ओलांडायचा मोह होतो, कारण घाटात सायकल कारपेक्षा जोरात उतरते. नका ओलांडू. ती कार माकडाला बिस्कीट द्यायला कधी थांबेल, सांगता येत नाही.

खाली आल्यावर

पसरणी गावात थांबून बोटं उघडझाप करा. ब्रेक धरून ती आखडलेली असतात. वाईत मिसळ. घरी गेल्यावर ब्रेकची रबरं बघा. घाटात ती झिजतात आणि त्यात खडीचे कण रुतून बसतात, ते टोकदार काडीने काढा, नाहीतर रिमवर ओरखडे पडतात.

दुसरी खेप तीन-चार आठवड्यांनी करा आणि फक्त एकच गोष्ट मोजा, किती वेळा थांबलो. माझे पहिल्यांदा अकरा थांबे होते, दुसऱ्यांदा मिसळीच्या कृपेने सहा, तिसऱ्यांदा दोन. शून्यावर आलात की महाबळेश्वरपर्यंत जायला हरकत नाही. त्यानंतर मेढ्याकडून केळघर घाट आहे, आणि पोलादपूरहून आंबेनळी, जो कोकणातून थेट महाबळेश्वरपर्यंत चढत राहतो आणि पसरणीच्या दुपटीहून जास्त उंची मागतो. ज्यांना शर्यतीचं वेड लागतं ते पुढे मुंबई-पुणे शर्यतीतल्या बोरघाटाकडे बघतात, जिथे पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, किंवा पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या डेक्कन क्लिफहँगरकडे.

मावशी नंतर दोनदा दिसल्या. तिसऱ्या खेपेला मी चालवतच त्यांच्या समोरून गेलो. त्यांनी ओळखलं नाही, शेळ्या मात्र रस्त्यात आल्या आणि तिथेच माझा दुसरा थांबा झाला.